काठवाटा : फ्रान्समधील एका जुन्या हक्काची हकीकत

फ्रान्सच्या दक्षिण भागांतील तुलूझ शहर सोडून जो प्रवासी सायकलवरून भूमध्य समुद्राच्या रोखानें निघतो, त्याला थोड्याच वेळांत एक गोष्ट जाणवते. ती म्हणजे त्याच्या मागून मोटार येत नाहीं. शहराजवळचा डांबरी भाग संपला कीं खडीची आणि मुरुमाची, कोठें कोठें नुसत्या मातीची, अशी वाट सुरू होते. एका हाताला कालव्याचें हिरवट, संथ पाणी. दुसऱ्या हाताला प्रथम गव्हाचीं शेतें, आणि कार्कासोन हें तटबंदीचें शहर ओलांडल्यावर क्षितिजापर्यंत गेलेल्या द्राक्षवेलींच्या रांगा. चढउतार म्हणून जवळजवळ नाहींच. नावा एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेण्यासाठीं कालव्यावर दुहेरी दरवाज्यांच्या पाणकोठ्या बांधलेल्या असतात. त्यांना लॉक म्हणतात. असा लॉक आला म्हणजे वाट दोन-तीन मीटर चढते किंवा उतरते, आणि पुन्हां पाण्यासारखीच सपाट होते. अशी ती सुमारे २४० किलोमीटर चालते.

असा प्रवास करणाऱ्यांची संख्या अलीकडे पुष्कळ वाढली आहे. या वाटेवरून जाणाऱ्याची साहजिकच अशी समजूत होते कीं, एखाद्या उदार सरकारनें नागरिकांच्या विरंगुळ्यासाठीं ही सोय करून दिली असावी. ही समजूत बरोबर नाहीं. ही वाट, आणि फ्रान्सच्या द्राक्षप्रदेशांतून व नद्यांच्या खोऱ्यांतून गेलेल्या तिच्यासारख्या इतर वाटा, विरंगुळ्यासाठीं जन्मल्या नाहींत. त्या ओझें ओढणाऱ्यांसाठीं जन्मल्या. त्या आज उरल्या याचें कारण त्यांची शोभा हें नव्हे. वाट एकदां सर्वांची ठरली म्हणजे तिचा उपयोग संपला तरी ती कोणाच्या घशांत जाऊं द्यावयाची नाहीं, हा जो एक रुक्ष नियम, त्यानें त्या राखल्या. आणि जेथें तो नियम सुटला तेथें वाटहि सुटली. ही हकीकत थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

इ. स. १६६९ च्या ऑगस्ट महिन्यांत चौदाव्या लुईच्या नांवानें पाणी आणि अरण्यें यांविषयीं एक मोठा हुकूमनामा निघाला. त्याच्या मागें राजाचा कारभारी कोल्बेर हा होता. कोल्बेरची दृष्टि कवीची नव्हती. आरमारासाठीं लांकूड हवें आणि व्यापारासाठीं नद्या मोकळ्या हव्यात, एवढीच त्याची चिंता. नावा चालण्याजोग्या नद्यांच्या काठीं ज्यांच्या जमिनी होत्या, त्यांच्यावर या हुकूमनाम्यानें असें बंधन घातलें कीं, ज्या बाजूनें नावा ओढल्या जातात त्या बाजूस २४ फूट रुंदीची पट्टी रस्त्यासाठीं आणि ओढणाऱ्या घोड्यांसाठीं मोकळी ठेवावी. ३० फुटांच्या आंत झाड लावूं नये, कुंपण घालूं नये. आणि समोरच्या काठींहि १० फूट जागा सोडावी. जमीन मालकाचीच राहिली. त्याला इतकेंच बजावलें कीं, जमीन तुझी असली तरी तिच्यावरची वाट तुझी नव्हे. फ्रेंच लोक हिला नाव ओढण्याची वाट म्हणतात. आम्ही सोयीसाठीं तिला काठवाट म्हणूं.

आपल्याकडील पाणंदींचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना या कलमाचें मर्म निराळें सांगावयास नको. दोन शेतांमधली पाणंद दर नांगरटीला वीतभर आक्रसते, आणि कांहीं वर्षांनीं तेथून बैलगाडी जाईनाशी होते. नदीकाठच्या फ्रेंच शेतकऱ्याचा नांगर याहून वेगळा असण्याचें कारण नव्हतें. म्हणूनच हे आंकडे पुढच्या प्रत्येक राजवटीनें जपून ठेवले. राजा गेला, प्रजासत्ताक आलें, नेपोलियन आला. १८०४ च्या नागरी कायद्यांत काठवाटेचा उल्लेख कायम राहिला. दशमान पद्धति आल्यावर २४ जुन्या फ्रेंच फुटांचे ७.८० मीटर झाले, ३० फुटांचे ९.७५ आणि १० फुटांचे ३.२५. आजच्या फ्रेंच कायद्यांत हेच तीन विचित्र आंकडे आहेत. एखाद्या अभियंत्यानें नव्यानें माप ठरविलें असतें, तर त्यानें आठ किंवा दहा मीटर असा सरळ आंकडा धरला असता. हा अपूर्णांक म्हणजे कोल्बेरच्या फूटपट्टीची राहिलेली खूण होय.

हा हुकूमनामा निघाला त्या सुमारास दक्षिणेंत वर सांगितलेला कालवा खोदला जात होता. पिएर-पोल रिके हा मिठावरील कराचा मक्तेदार. स्थापत्याचें रीतसर शिक्षण त्याला नव्हतें. अटलांटिक महासागर आणि भूमध्य समुद्र यांना फ्रान्सच्या भूमींतून जोडावें, म्हणजे जिब्राल्टरचा वळसा आणि समुद्रावरील चांचे दोन्ही टळतील, ही कल्पना जुनीच होती. अडचण पाण्याची होती. तुलूझ आणि समुद्र यांच्या मध्यें नोरूझचा उंचवटा आहे. सुमारे १९० मीटर उंचीवरच्या त्या जागीं बारमाही पाणी आणावयाचें कोठून, हें कोडें सुटत नव्हतें. रिकेनें उत्तरेकडील 'काळा डोंगर' नांवाच्या रांगेंतले ओढे अडविले, सां-फेरेओल येथें मोठें धरण बांधलें, आणि तें पाणी पाटानें नोरूझला आणून तेथून दोन्ही उतारांवर सोडलें.

१६६६ सालीं राजाज्ञा झाली. भर कामाच्या दिवसांत सुमारे १२,००० मजूर राबत होते, आणि त्यांत बायकांची संख्या मोठी होती. पावसाच्या आणि सणाच्या दिवसांचा पगार रिकेनें कापला नाहीं. त्या शतकांत ही गोष्ट अपूर्वच म्हटली पाहिजे. बेझिए शहराजवळ कालवा टेकाडावरून खालीं आणण्यासाठीं लागोपाठच्या लॉकांचा एक जिनाच बांधला. त्या जवळच मालपास येथें टेकडी फोडून बोगदा काढला, आणि कालव्यासाठीं खोदलेला युरोपांतील पहिला बोगदा म्हणून त्याची ख्याति आहे. १६८० च्या ऑक्टोबरांत रिके कर्जांत बुडालेल्या स्थितींत वारला. १६८१ च्या मे महिन्यांत कालवा सुरू झाला. आपल्या कामाचा शेवट पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें.

नदीकाठची वाट शेजाऱ्यावर लादलेल्या बंधनानें निर्माण झाली होती. कालव्याकाठची वाट कालव्याच्याच मालकीची होती. हा फरक पुढें महत्त्वाचा ठरणार असल्यामुळें वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा.

या वाटेवरून चालत होतें कोण? मुख्यतः घोडे. एक घोडा रस्त्यावर जितकें ओझें गाडींतून ओढतो, त्याच्या कित्येक पट ओझें तोच घोडा पाण्यावरून ओढतो. हें कालव्यांचें सारें अर्थशास्त्र होय. गव्हाचीं पोतीं, मिठाच्या राशी, द्राक्षमद्याचीं पिंपें असा माल या मार्गानें जाई. उतारूंसाठीं टपालनाव होती. प्रारंभीं तुलूझहून समुद्राजवळच्या आग्द गांवीं पोंचण्यास तिला चार दिवस लागत. मध्य फ्रान्सांतील बेरी प्रांताच्या कालव्यावर लॉक इतके अरुंद होते कीं तेथें लांबट, चिंचोळ्या नावा चालत, आणि त्या ओढावयास गाढवें किंवा खेचरें लावीत. ज्यांना जनावर परवडत नसे, ते नाववाले स्वतःच्या छातीवर रुंद पट्टा बांधून नाव ओढीत. नवरा थकला म्हणजे बायको, आणि बायको थकली म्हणजे मोठें मूल. आज जी वाट आपणांस निवांत वाटते, तिची सपाटी अशा पावलांनीं ठोकून बसविलेली आहे.

बर्गंडी प्रांताच्या कालव्यावर, पुयी येथें, तीन किलोमीटरांहून लांब असा बोगदा आहे, आणि त्यांत काठवाट नाहीं. नाव बोगद्यांतून जाई तेव्हां घोडे सोडून त्यांना वरच्या टेकडीवरून पलीकडे नेत. आजचा सायकलस्वारहि तेथें पाण्याची संगत सोडून टेकडीवरूनच जातो. त्याला ती वाट निसर्गशोभेसाठीं आंखलेली वाटते. वास्तविक तो घोड्यांची जुनी रीत पाळीत असतो.

विरंगुळा म्हणून काठवाटेनें चालणारा माणूस अगदींच नव्हता असें मात्र नाहीं. १७८७ च्या मे महिन्यांत फ्रान्समधील अमेरिकेचा वकील टॉमस जेफरसन या कालव्यावरून गेला. त्यानें आपली घोडागाडी चाकें काढून एका नावेवर ठेविली, आणि ती नाव एका घोड्याकडून ओढविली. जेफरसनला द्राक्षमद्याची चोखंदळ आवड होती. या सफरींत त्यानें बर्गंडी आणि बोर्दो या दोन्ही प्रांतांतील मळे पाहिले. कालव्यावरील दिवसांविषयीं त्यानें पत्रांतून लिहिलें आहे. त्यावरून असें दिसतें कीं, दिवसाचा बराच भाग तो काठच्या सावलींतून पायीं चाले, आणि दमला म्हणजे नावेवरच्या गाडींत बसून वाची किंवा लिही. आजवर केलेल्या प्रवासांत हा प्रकार त्याला सर्वांत सुखाचा वाटला. पण त्याचा दोर दुसरा कोणी ओढीत होता.

ल्वार नदीची गोष्ट थोडी निराळी. ही नदी लांब, रुंद आणि लहरी. तिच्यावर मुख्यतः शिडें चालत. समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमेच्या वाऱ्यावर नावा ओळीनें वर येत, आणि वारा पडला म्हणजे कित्येक दिवस वाळूशीं पडून राहत. ऑर्लेआँ येथें नावांतील माल उतरून पॅरिसकडे नेत. वाटेंत आंबलेलें मद्य पुढें नेण्यांत अर्थ नसल्यामुळें तें तेथेंच राही, आणि त्याच्या शिरक्यावर ऑर्लेआँची कीर्ति वाढली, असें सांगतात. या नदीचे पूर आंवरण्यासाठीं बाराव्या शतकापासून दोन्ही काठीं मातीचे बांध घालीत आले. तेहि १८४६, १८५६ आणि १८६६ च्या महापुरांत फुटले आणि पुन्हां भरले गेले. वूव्रे, शिनों, सोम्यूर अशीं द्राक्षांसाठीं प्रसिद्ध असलेलीं गांवें या खोऱ्यांत आहेत. त्या प्रदेशांतून आज जी सायकलवाट जाते, तिचे कांहीं भाग याच बांधांच्या माथ्यावरून जातात.

यानंतर आगगाडी आली. पॅरिसहून निघालेले लोहमार्ग १८४३ सालीं ऑर्लेआँला, १८४६ सालीं तूरला, १८४९ सालीं आँझेला आणि १८५१ सालीं नांतला पोंचले. शहरामागून शहर, नदीच्या उतारानेंच, लोखंड खालीं सरकत गेलें, आणि त्याच्या मागें शिडें मिटत गेलीं. दक्षिणेंत १८५७ सालीं बोर्दो ते सेत हा लोहमार्ग पुरा झाला. आणि पुढच्याच वर्षीं सरकारनें रिकेचा कालवा त्याच रेल्वे कंपनीला ४० वर्षांच्या पट्ट्यानें दिला. प्रतिस्पर्ध्याचा गळा प्रतिस्पर्ध्याच्याच हातीं! कालव्यावरील जकात अशी ठेविली गेली कीं माल आपोआप रुळांकडे वळावा. १८९८ सालीं कालवा पुन्हां सरकारच्या हातीं आला, तोंवर गेलेला व्यापार परतण्याजोगा राहिला नव्हता.

आगगाडीनें नुसती नाव बुडविली नाहीं. तिनें शेताचें रूपहि पालटलें. स्वस्त आणि जलद वाहतूक मिळतांच लांगदॉक प्रांतानें धान्य आणि ऑलिव्ह सोडून सपाटीवर द्राक्षें लावलीं, आणि उत्तरेकडील कारखान्यांच्या मजुरांस पुरेल असें हलकें, स्वस्त मद्य काढण्यास प्रारंभ केला. १८६३ च्या सुमारास अमेरिकेंतून आलेली फिलॉक्सेरा नांवाची मुळें पोखरणारी कीड याच भागांत प्रथम दिसली. १८६८ सालीं प्लांशों या शास्त्रज्ञानें ती ओळखली. अमेरिकन खुंटांवर फ्रेंच वेलींचीं कलमें बांधून मळे पुन्हां उभे केले, तों उत्पन्न बेसुमार वाढलें, भेसळीच्या मद्यानें भाव पडले, आणि शेतकरी रस्त्यावर आला. ११ मार्च १९०७ रोजीं कालव्याजवळच्या आर्झलिए गांवचे ८७ मळेवाले मार्सलँ आल्बेर याच्या मागोमाग नार्बोनला निघाले. जूनमध्यें माँपेलिएच्या सभेला लाखों लोक जमले. नार्बोन येथें सैन्याच्या गोळ्यांनीं माणसें मेलीं. तेव्हां आग्द येथें असलेल्या १७ व्या पायदळ पलटणीच्या शेंकडों शिपायांनीं बंड केलें आणि रातोरात चालत बेझिए गांठलें. तीं त्याच मुलुखांतलीं, त्याच मळेवाल्यांचीं मुलें होतीं. त्या महिन्याच्या अखेरीस भेसळीविरुद्ध कायदा झाला. आज ज्या द्राक्षरांगांच्या शोभेनें प्रवाशाचें मन प्रसन्न होतें, त्या रांगांत इतकें दुःख पुरलेलें आहे.

आतां सायकलकडे वळूं. पायट्यांची दुचाकी १८६० नंतरच्या दशकांत पॅरिसमध्यें प्रचारांत आली, आणि १८६९ सालीं पॅरिस ते रूआँ अशी लांब पल्ल्याची शर्यतहि झाली. परंतु लोखंडी धांव आणि खडीचा रस्ता यांचें सूत जमण्यासारखें नव्हतें. १८८८ सालीं डनलॉपनें हवेचा टायर काढला, १८९१ सालीं मिशेलँ बंधूंनीं तो झटकन काढतां-घालतां येईल असा केला, आणि मग खरा प्रवास सुरू झाला. १८९० सालीं फ्रान्सचा प्रवासी-संघ सायकलस्वारांनींच स्थापिला.

याच काळांत सेंत-एतिएन शहरीं पोल द व्हिव्ही नांवाचा एक विलक्षण गृहस्थ होऊन गेला. 'व्हेलोसिओ' या टोपणनांवानें तो लिही. १८८७ सालीं त्यानें सायकलीविषयींचें मासिक काढलें, आणि चढावर निराळी व सपाटीवर निराळी गति देणारे दांतेरी चक्रांचे प्रकार लोकांनीं वापरावे म्हणून जन्मभर खटपट केली. शर्यतींची त्याला नावड होती. थोडें थोडें आणि भूक लागण्यापूर्वीं खावें, शक्तीबाहेर पळूं नये, आणि केवळ ऐटीसाठीं पायटा मारूं नये, असे त्याचे नियम होते. प्रवासांत मद्य, मांस आणि तंबाखू वर्ज्य, हाहि त्यांतलाच एक. द्राक्षांच्या देशांत हा उपदेश करावयास धैर्यच पाहिजे! १९३० सालीं ट्रामचा धक्का लागून त्याचा अंत झाला. सायकलस्वाराला निर्वेध वाट कां हवी, याचें उत्तर त्याच्या मरणांतच होतें असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

१९३६ च्या जून महिन्यांत लोकपक्षाच्या सरकारनें कामगारांना वर्षांतून पंधरा दिवसांची पगारी रजा देणारा कायदा केला. त्या उन्हाळ्यांत हजारों जोडपीं सायकलींवर आणि दोघांच्या जोडसायकलींवर बसून, कित्येक जण जन्मांत पहिल्यानेंच, आपला देश पाहण्यास बाहेर पडलीं. त्यांना निराळ्या वाटेची गरज नव्हती. सारे रस्तेच अजून त्यांचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि तो हक्क कोणी न काढतां निघून गेला. कायद्यानें सायकलीला रस्ता खुलाच होता. भीतीनें तो बंद झाला.

मोटारीनें जसा सायकलीचा रस्ता घेतला तसाच खेड्यांतील आगगाडीचा धंदाहि घेतला. १९३८ सालीं रेल्वे राष्ट्राच्या मालकीची झाली, आणि त्याच सुमारास हजारों किलोमीटरांच्या शाखांवरील उतारू गाड्या बंद करण्यांत आल्या. युद्धानंतर तोच क्रम पुढें चालला. याप्रमाणें नावेला आगगाडीनें मारलें आणि आगगाडीला मोटारीनें. मागें राहिल्या त्या दोन जातींच्या रिकाम्या पट्ट्या : एक घोड्यांची, एक रुळांची. दोन्हीहि सपाट, कारण ओझें ओढणाऱ्याला, मग तो घोडा असो कीं वाफ असो, चढ परवडत नाहीं.

या रिकाम्या पट्ट्यांचें काय झालें, हाच आमच्या विषयाचा गाभा आहे. बेरीच्या ज्या कालव्यावर गाढवें नावा ओढीत, तो १९५५ सालीं सरकारनें जलमार्गांच्या यादींतून काढला. त्याचे तुकडे गांवोगांवच्या ग्रामसंस्थांना आणि इतरांना देण्यांत आले. कोणीं तो बुजवून रस्ता केला, कोणीं बाग केली; कोठें पाणी राहिलें, कोठें नुसता खळगा राहिला. बंद पडलेल्या कित्येक लोहमार्गांच्या जमिनीहि अशाच तुकड्यांनीं विकल्या गेल्या. शंभर किलोमीटरांच्या मार्गांतील एक किलोमीटर विकला गेला, तर विकणाऱ्याच्या हिशेबीं शंभरांतला एक जातो. वाटेच्या हिशेबीं मात्र सारा मार्ग जातो. आतां त्याच कालव्याच्या काठानें सायकलवाट करण्याचें काम चाललें आहे. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वीं फुकट हातीं असलेलें सूत्र आज गांठी मारीत जोडावें लागत आहे.

याच्या उलट उदाहरण बर्गंडींत आहे. झिव्री आणि क्लूनी या गांवांमधील बंद लोहमार्गाची पट्टी अखंड राहिली होती. १९९७ सालीं तिच्यावर सुमारे ४४ किलोमीटरांची वाट झाली, आणि मृत लोहमार्गावर केलेली फ्रान्समधील पहिली 'हरित वाट' म्हणून ती ओळखली जाते. ती डांबरी आहे, म्हणून पायीं आणि चाकीं सारखीच उपयोगी पडते. पुढें ती माकाँकडे नेली, तेव्हां वाटेंत सुमारे १,६०० मीटरांचा जुना रेल्वे बोगदा आला. त्या बोगद्यांत आगगाडी गेल्यावर वटवाघळें राहावयास आलीं होतीं. म्हणून हिवाळ्यांत बोगदा बंद ठेवून प्रवाशांस वळसा घालावयास लावतात. मालकी सर्वांची म्हटल्यावर भाडेकरूंचेंहि पाहावें लागतें!

क्लूनी हें नांव येथें आणखी एका कारणानें स्मरणांत राहतें. इ. स. ९१० मध्यें स्थापिलेला तेथील मठ एके काळीं ख्रिस्ती जगांतील अतिशय प्रबळ मठ होता. या प्रांतांत द्राक्षांची लागवड वाढविण्यांतहि त्याचा हात होता. राज्यक्रांतीनंतर, १७९८ सालीं, तो राष्ट्राची मिळकत म्हणून विकला गेला. घेणाऱ्यांनीं त्याची दगडाची खाण केली, आणि प्रचंड मंदिराचा थोडासाच भाग शेष राहिला. तुकड्यांनीं विकणें म्हणजे काय, याचा धडा त्या वाटेच्या टोंकालाच उभा आहे.

बोर्दोजवळच्या आंत्र-द-मेर नांवाच्या द्राक्षप्रदेशांतहि अशीच एक जुन्या लोहमार्गाची वाट क्रेओं गांवावरून सोव्हतेरकडे जाते. तिला रोझे लापेबी याचें नांव दिलें आहे. लापेबी हा १९३७ सालच्या फ्रान्सप्रदक्षिणेचा विजेता. त्याच वर्षीं त्या शर्यतींत गति बदलणारी चक्रें वापरण्याची मोकळीक मिळाली, आणि तीं वापरून जिंकणारा तो पहिला. व्हेलोसिओची जन्मभराची खटपट त्याच्या मरणानंतर सात वर्षांनीं अशी फळास आली.

ल्वारकाठीं १९९० नंतरच्या दशकांत दोन प्रांतांनीं मिळून सुमारे ९०० किलोमीटरांचा सायकलमार्ग आंखण्यास प्रारंभ केला. त्याला जुने बांध, काठवाटा आणि शेतरस्ते उपयोगी पडले. रिकेच्या कालव्याची मालवाहतूक विसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशांत संपली, आणि १९९६ सालीं जागतिक वारशाच्या यादींत त्याचें नांव गेलें. २००४ च्या सप्टेंबरांत फ्रान्सच्या वाहतुकीच्या नियमांत 'हरित वाट' या शब्दाची व्याख्या आली : जेथें यांत्रिक वाहन नाहीं, जी पायीं चालणाऱ्यांची, सायकलींची आणि घोडेस्वारांची, ती. २००६ सालच्या जलविषयक कायद्यानें नदीकाठची ३.२५ मीटरांची पट्टी पायीं फिरणाऱ्या प्रत्येकास खुली झाली. कोल्बेरच्या १० फुटांचा लाभ साध्या माणसाला हक्क म्हणून मिळण्यास ३३७ वर्षें लागलीं! सायकलस्वार मात्र त्या हक्कांत येत नाहीं. तो जेथें जातो तेथें जमीन सार्वजनिक असते म्हणून, किंवा जलमार्ग-खातें आणि स्थानिक संस्था यांच्या करारानें जातो. त्याचा आनंद पक्का असला तरी त्याचा हक्क अजून कच्चाच आहे.

आणि वाट राखली म्हणजे सगळें राखलें असेंहि नाहीं. रिकेच्या कालव्याच्या काठीं एकोणिसाव्या शतकांत चिनाराच्या जातीचीं झाडें लाविलीं. त्यांचीं मुळें काठ धरून ठेवीत आणि सावली नावाड्यांस मिळे. अशीं सुमारे ४२,००० झाडें होतीं. २००६ सालीं त्यांत एक बुरशीचा रोग दिसला. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्याच्या सामानाच्या लांकडी पेट्यांतून तो फ्रान्सांत आला असें मानतात. पाणी त्याला वाहून नेतें, आणि झाडांना बांधलेल्या नावांचे दोरहि नेतात. औषध नाहीं, लागलेलें झाड तोडून जाळणें एवढाच उपाय. हजारों झाडें तोडलीं गेलीं, आणि त्यांच्या जागीं निरनिराळ्या जातींचीं रोपें लाविलीं जात आहेत. मैलोगणती उघड्या पडलेल्या काठानें भर उन्हांत जाणाऱ्या प्रवाशाला हें नुकसान पुस्तक न वाचतांहि समजतें. नवीं रोपें लावणाऱ्यांना त्यांची पूर्ण सावली मिळणार नाहीं. रिकेलाहि आपल्या कालव्यांतून नाव गेलेली पाहतां आली नव्हती.

फ्रान्समधील कित्येक जुन्या कालव्यांच्या पुलांखालीं, कमानीच्या कोपऱ्यांतील दगडांवर, खोल आडव्या खांचा दिसतात. शंभर-दीडशें वर्षें ओल्या दोरांनीं घांसून त्या पडल्या आहेत. सायकलस्वार त्या पुलाखालून जातांना डोकें वांकवितो, आणि क्षणभर त्या खांचा त्याच्या डोळ्यांसमोरून जातात. त्या ज्यांनीं पाडल्या त्यांतील एकाचेंहि नांव कोणास ठाऊक नाहीं. त्यांना वाट हवी होती ती पोटासाठीं; याला हवी आहे ती मनासाठीं. मधल्या काळांत कोणालाच ती फारशी नको होती, आणि त्या काळांतहि जेथें ती कोणीं विकली नाहीं, नांगरली नाहीं, तेथेंच ती आज आहे.